रुपराव लांजेवारांचा सज्जा मांडव जाहला, त्याची हकीकत

श्री कोराडीची जगदंबा प्रसन्न.

शके अठराशे सत्तावन, युवानाम संवत्सर, चैत्रापासून वैशाख अखेरपावेतो नागपूर शहरी, जुनी शुक्रवारी पेठ, पिंपळबोळ, या रणभूमीवर जो घोर संग्राम जाहला त्याचा साद्यंत मजकूर पुढील पिढ्यांस कळावा, आणि कोणी शहाणा नक्शा मंजूर न करविता आपल्या घराच्या भिंतीस भोक पाडू लागला तर त्याने हातातील सब्बल, म्हणजे पहार, खाली ठेवून आधी हे वाचावे, याकरिता जैसे घडले तैसे येथे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही. घालण्याची गरजच पडली नाही, कारण रुपरावजींनी स्वतः कसूर कोठे ठेविली नव्हती.

तर रुपराव लांजेवार म्हणजे इतवारीतील सुपारीचे मातबर व्यापारी, अंगाने आडवे आणि अकलेने त्याहून आडवे, घरात हुकूम, दुकानात हुकूम, आणि बोळातील कुत्र्यासही हुकूम, तो कुत्रा मात्र मानीत नसे. त्यांची स्वारी फाल्गुन मासी धंतोलीस साडूंच्या भेटीस गेली. साडूंचा बंगला नवा, आणि बंगल्यास गॅलरी, आणि गॅलरीत वेताची खुर्ची, तेथे बसोन रुपरावजींनी पोहे खाल्ले, आणि पोहे खाली उतरले परंतु गॅलरी डोक्यात चढली. परतताना टांग्यात कोणाशी बोलेनात. देवकीबाई, म्हणजे त्यांच्या खाशा पत्नी, यांस वाटले की पोटात कळ आली. कळच होती, परंतु वरच्या मजल्यावर.

घर दुमजली, मातीच्या जाड भिंतींचे, वर कवेलूंचे छप्पर. माडीच्या पुढील भिंतीस एक खिडकी, आणि खिडकीलगत एक सागवानी खांब, त्याने आढ्याचा सारा भार मस्तकी धरिलेला. आणि त्या खिडकीत, सुपारीच्या रिकाम्या पोत्याची चौघडी करोन, गोपिकाबाईसाहेबांची गादी होती. गोपिकाबाई रुपरावजींची एकुलती कन्या. मराठी सातवी पहिल्या नंबराने सर केलेली, अक्षर ऐसे की मोत्यांनी लाजून शिंपल्यात परत जावे, आणि जुलैत इंग्रजी शाळेवर चाल करोन जाण्याची तयारी पक्की, दाखला काढोन दप्तरात ठेविलेला. पहिला नंबर आल्यापासून त्यांची मान किंचित वर असे. माय ती खाली करू जाई, आणि ती पुनः वर येई, यास बाईसाहेबांचा इलाज नव्हता.

चैत्र वद्य पंचमीस रुपरावजींनी शालिकराम मिस्त्री यांस हुजूर बोलाविले आणि मनसुबा सांगितला की खिडकी फोडून दरवाजा करावा, खांब मध्ये येतो तो काढावा, आणि बाहेर बोळावर चार हात सज्जा काढावा, वरती मी बसेन. शालिकराम चाळीस वर्षे मातीत हात घातलेला मनुष्य. त्याने खांबाच्या पायाशी कान लावून पाहिले, जैसा वैद्य नाडी पाहतो, आणि म्हणाला,

"मालक, हा खांब नोका हलवू. यानंच समदं आढं धरून ठेवलं आहे. अन् म्युनसिपल कमिटीत नक्शा तं टाका पयले."

"घर माहं, भिंत माही, भोक माहं. मी कमिटीले काहून विचारू? सदऱ्याले गुंडी लावाची असली तं का मी कमिटीत जातो?"

"गुंडी तुटली तं कोनाच्या टकुऱ्यावर पडत नाही, मालक."

यावर रुपरावजींनी जो खुलासा केला तो लिहिण्याजोगा नाही. मतलब इतकाच की शालिकरामाने आपली अक्कल घरी ठेवावी आणि सब्बल घेऊन यावे. मग दुसरे दिवशी सूर्योदयी मोहीम सुरू जाहली. खिडकी पडली. गोपिकाबाईंची गादी, म्हणजे ते पोते, मातीखाली दफन जाहले, आणि बाईसाहेब पुस्तके पोटाशी धरोन जिन्यात येऊन बसल्या. मग खांब निघाला. त्या क्षणी आढ्याने एक दीर्घ उसासा टाकिला, आणि एक कवेलू घसरोन खाली येऊन फुटले. शालिकरामाने घाईने एका बल्लीचा टेकू दिला आणि देवाचे नाव घेतले. रुपरावजींनी त्या कवेलूचा अर्थ शुभशकुन ऐसा लाविला. तेव्हापासून माडीवर कोणी जड मनुष्य चढला की एक कवेलू खाली येई, आणि रुपरावजी रोज चढत, त्यामुळे बोळात शुभशकुनांचा खच पडला.

आठ दिवसांत सज्जा तयार. खाली सागाच्या फळ्या, चार कोपऱ्यांस चार बांबू, वरती उन्हासाठी सुपारीच्या पोत्यांचे तरट, आणि देवकीबाईंनी दृष्ट लागू नये म्हणोन आंब्याच्या पानांचे तोरण बांधिले. कोणाची दृष्ट लागणार होती हे जगदंबेस ठाऊक. रुपरावजींनी वेताची खुर्ची आणिली, तीत बैठक मारिली, आणि हाती वर्तमानपत्र धरिले. ते उलटे होते. बोळाने पाहिले, कोणी सांगितले नाही.

आता बोळ सहा हात रुंद, आणि सज्जा चार हात, म्हणजे उरले काय हे सातवी पास कोणीही सांगेल. समोर प्रयागबाईंचा ओटा. प्रयागबाई म्हणजे पन्नाशीच्या विधवा, उडदाचे पापड आणि मुगाच्या वड्या यांवर ज्यांचे वर्ष चाले, सीताबर्डीच्या खानावळीत ज्यांचा पापड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येई ऐसी कीर्ती. त्या ओट्यावर दोन प्रहरी जो काय उन्हाचा पट्टा येई तेवढेच त्यांचे वतन. सज्जा जाहला आणि वतन जप्त जाहले. नागपुरात वैशाखी, जेव्हा काळा दगड हात लाविल्यास भाजतो तेव्हा, प्रयागबाईंच्या पापडास बुरशी आली. हे पापडाच्या इतिहासात पूर्वी जाहले नव्हते.

मग प्रयागबाई कंबरेस पदर खोचोन बोळात उभ्या राहिल्या आणि वरती पाहोन बोलल्या,

"रुपराव, माहं ऊन परत दे."

"ऊन का म्या खिशात टाकलं, बाई? सुर्व्याले सांगा."

"सुर्व्या तं रोज येते गा. मधात तुहं बूड आलं."

बोळ हसला. रुपरावजींनी वर्तमानपत्र आणखी उंच धरिले. मग प्रयागबाई पाहतात तो सरळ बोलण्याने किल्ला पडत नाही, तेव्हा अर्ज करावा ऐसी मसलत ठरली. आणि बोळात अर्ज लिहिणारे अक्षर एकच. गोपिकाबाई जिन्यात बसोन कंटाळल्या होत्या, गादी गेल्याचा राग ताजा होता, आणि खरे लिहावयाचे तर "सबब विनंती अर्ज" हे शब्द त्यांस फार आवडत, लिहावयास कारण मिळत नव्हते. त्यांनी शाई घोटून, रेघा आखून, कमिटीच्या दरबारी ऐसा खलिता तयार केला की वाचणाऱ्याने उठून उभे राहावे. खाली प्रयागबाईंचा अंगठा. आपले नाव कोठे घातले नाही. आणि मनात म्हणाल्या की आता बाबूजींचा सज्जा गेला. येणेंप्रमाणे बाईसाहेबांनी स्वहस्ते, स्वतःच्या दौतीने, फौज बोलाविली, आणि ती कोणावर येणार हे त्यांस ठाऊक नव्हते.

चौथे दिवशी गोपाळराव ओव्हरशियर यांची स्वारी बोळात शिरली. सायकलीवर आरूढ, डोक्यास खाकी टोप, कानावर पेन्सिल, खिशात मापाची फीत, बगलेत कमिटीची वही. पायगाडी पिंपळास टेकवोन त्यांनी मान वर केली, आणि बराच वेळ केलेलीच ठेविली.

"हा सज्जा कोणाचा? नक्शा दाखवा."

रुपरावजी वरून खाली आले, एक कवेलू बरोबर आले. बोळ सारा ओट्याओट्यावर गोळा. गोपिकाबाई दारात उभ्या, बोटास शाई. नक्शा नाही, आणि सज्जा तर बोळभर आहे, तो पदराखाली लपविता येत नाही. रुपरावजींनी वर पाहिले. चार बांबू दिसले, तरट दिसले, आंब्याचे तोरण दिसले, आणि त्यांच्या मस्तकात, जेथे आजवर सुपारीखेरीज काही शिरले नव्हते, तेथे एक विचार शिरला.

"सज्जा कुठी आहे, साहेब? हा तं मांडव आहे."

"मांडव? माडीवर?"

"खाली जागा कुठी आहे? बोळ पाहून राहिले ना तुमी."

आता कमिटीचा कायदा ऐसा की बांधकामास नक्शा पाहिजे, परंतु लग्नाच्या तात्पुरत्या मांडवास नको. गोपाळराव विचारात पडले. ऊन मी म्हणत होते, टोपाखालून घामाचे ओघळ येत होते, आणि मांडव लिहिल्यास वहीत एक ओळ, सज्जा लिहिल्यास चार पाने. त्यांनी कानावरची पेन्सिल काढिली आणि विचारिले, लग्न कोणाचे.

येथे रुपरावजींची नजर चहूकडे फिरली. देवकीबाईंचे लग्न त्यांच्याशीच होऊन सोळा वर्षे जाहली होती. मांजर होती, ती नवरी म्हणोन खपेना. मग नजर दारात आली, शाईच्या बोटावर थांबली.

"हिचं," ऐसे म्हणाले.

गोपाळरावांनी लिहिले: रुपराव लांजेवार यांची कन्या गोपिका हिचे विवाहानिमित्त माडीवर तात्पुरता मांडव, वैशाख अखेर विवाह, नंतर मांडव उतरवावा. खाली रुपरावजींची सही, त्याखाली गोपाळरावांची. सही होता होता शंभर सुपाऱ्यांची एक पुडी सायकलीच्या पिशवीत आपोआप जाऊन बसली, तिचे पाय कोणी पाहिले नाहीत. स्वारी निघोन गेली. रुपरावजींनी मिशीवर हात फिरविला आणि कन्येस म्हणाले,

"घाबरून कायले राहिली वं? नुसतं कागदावर आहे. कागदावरचं लग्न लागत नसते."

"कागदावरचा मांडव तं लागला ना, बाबूजी."

रुपरावजी माडीवर निघोन गेले.

परंतु बोळातील बायकांस लग्नाचा वास मुंगीस गुळाचा यावा त्याहून लवकर येतो. सांजेपावेतो चार जणी हळद दळावयास जाते कधी धुवायचे हे विचारून गेल्या. दुसरे दिवशी देवकीबाईंच्या भावजयीचा निरोप आला की आम्हास न कळविता लग्न काढिले, बरे जाहले, आम्ही मेलो ऐसे समजा. तिसरे दिवशी दुकानावर गिऱ्हाईके विचारू लागली की नवरदेव कुठचा. रुपरावजी प्रथम हसण्यावारी नेत, मग कुठचातरी म्हणत, मग पहिले गाव तोंडास आले ते बोलोन गेले, आणि ते कळमेश्वर निघाले. आणि कळमेश्वरी त्यांच्या ओळखीचे एकच मनुष्य, रामाजी, संत्र्याच्या बागेचे धनी. त्यांस ही वार्ता आठवडी बाजारात पोहोचली आणि ते स्वतःच्या पोराचे लग्न आपणास न कळता ठरल्याने क्षणभर चकित जाहले, मग खूश जाहले, आणि दमणी जुंपून थेट पिंपळबोळात दाखल. पुत्र ओमप्रकाश, वय बावीस, तिसऱ्या इयत्तेत तीन वर्षे तळ ठोकून शेवटी वेढा उठवोन घरी गेलेला. रामाजींनी सज्ज्याखाली उभे राहोन मान वर केली आणि म्हणाले,

"मांडव उभा आहे, नवरी उभी आहे, मंग नवरदेव काहून बसून राहिला पायजे, रुपरावजी?"

आता येथे शहाणा मनुष्य खरे बोलता. रुपरावजी विचार करू लागले, हेच अनर्थाचे मूळ. त्यांचा हिशेब ऐसा की वैशाख अखेर ओव्हरशियर परत येणार, लग्न नसल्यास मांडव खोटा, मांडव खोटा तर सज्जा खरा, आणि सज्जा खरा तर तो पाडावा लागणार. उलट एकदा लग्न लाविले की मांडव खरा, पुढे वर्षभर तोरण बदलीत जावे, कोण पाहतो. तेव्हा फर्मान सुटले की वैशाख वद्य द्वितीयेस साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि दशमीस लग्न, गोपिकाने दप्तर पोत्यात बांधून माळ्यावर टाकावे, शाळा पुरे. देवकीबाई, ज्या सोळा वर्षांत नवऱ्यासमोर एक वाक्य पुरे बोलल्या नव्हत्या, त्या पोळपाट सोडोन उठल्या.

"सज्ज्यासाठी पोरगी देऊन राहिले का तुमी?"

"पोरगी तं द्याचीच असते. सज्जा का रोज होते?"

हे वाक्य रुपरावजींनी ज्या थंड आवाजात उच्चारिले, त्या आवाजात ते सुपारीचा भाव सांगत. गोपिकाबाई जिन्यात होत्या, त्यांनी ऐकिले. मग त्या दोन प्रहर रडल्या. बखरीत ऐसे लिहू नये, वीर रडत नसतात, परंतु रडल्या हे खरे, आणि खिडकी नसल्याने रडावयासही जागा जिन्याचीच. इंग्रजी शाळेसाठी घेतलेली नवी पाटी, निळ्या कापडाचा झगा जो शिवावयाचा होता, भूगोलातील नद्या, सारे त्या पोत्यात बांधिले गेले. मग नाक पुसोन त्या कामास बसल्या, कारण दुकानाच्या पुड्या त्यांनीच वळावयाच्या असत.

आणि येथे जगदंबेची कृपा पहावी. रुपरावजी पुड्यांसाठी जुनी वर्तमानपत्रे शेराने आणीत आणि उलटी धरीत. गोपिकाबाई त्याच पानांस वळण्यापूर्वी सुलटी धरोन वाचीत, हे त्यांचे जुने व्यसन. त्या दिवशी तिसऱ्या की चौथ्या पानावर मजकूर निघाला की अमुक गावच्या एका बापाने चौदा वर्षांखालील मुलीचे लग्न लाविले, सबब शारदा कायद्याअन्वये त्यास कोर्टाने दंड केला आणि भटजीसही सोडिले नाही. बाईसाहेबांनी ती पुडी वळिली नाही. माळ्यावर चढल्या, पोते सोडिले, आणि दप्तरातून शाळेचा दाखला काढिला.

यात एक गोम आहे, ती वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी. गोपिकाबाईंचे खरे वय साडेचौदा. परंतु रुपरावजींनी त्यांस शाळेत घातले तेव्हा पुढे लग्नाच्या बाजारी पोरगी थोराड ठरू नये या दूरदृष्टीने वय दीड वर्षाने कमी सांगितले होते, आणि खाली स्वहस्ते सही ठोकिली होती. तोच मजकूर दाखल्यावर उतरला होता. म्हणजे देवाघरी बाईसाहेब साडेचौदा, आणि शाळेत तेरा. आणि कोर्टास देवाघरची वही वाचता येत नाही. बापाने कापलेले दीड वर्ष बापासच कापावयास निघाले, ते पाहोन बाईसाहेबांची मान पुनः वर आली.

मसलत प्रयागबाईंच्या ओट्यावर, त्या जप्त वतनाच्या सावलीत जाहली. प्रयागबाईंनी दाखला उलटसुलट पाहिला, वाचता येत नव्हते, तरी दोनदा पाहिला.

"हे त्या टोपवाल्याले दाखवाचं का?"

"साऱ्याइच्या समोर, मावशी. एकट्यात दाखवला तं तो पिशवीत टाकून घेईन."

"मंग त्याले अक्षता घेऊन मीच बोलावतो. जेवाले बोलावलं का येते असे लोक."

साक्षगंधाचा दिवस उजाडला. माडीवर आणि सज्ज्यात पाहुणे दाटले. रामाजी, त्यांचे तीन भाऊ, चारही भरदार, कोपऱ्यात भटजी, आणि मध्ये वेताच्या खुर्चीवर गोपाळराव ओव्हरशियर, टोप मांडीवर. नवरदेव खाली दमणीजवळ बैलास वारा घालीत होता, त्यास वर बोलाविले नाही, आणि त्यानेही हट्ट केला नाही. बल्लीचा टेकू धनुष्यासारखा वाकला होता. शालिकराम मिस्त्री बोळात उभा राहोन वरती पाहत होता आणि मागे सरकत होता.

मग आतून तबक निघाले. तबक लावताना देवकीबाईंच्या हाती विड्यांखाली तो कागद लागला होता. त्यांनी तो पाहिला. वाचता त्यांसही येत नव्हते, परंतु शाळेचा शिक्का त्या ओळखीत. वरती एक विडा आणखी ठेविला आणि तबक पोरीच्या हाती दिले.

गोपिकाबाईंनी तबक प्रथम ओव्हरशियर साहेबांपुढे धरिले. साहेबांनी विडा उचलिला, खाली कागद निघाला, आणि त्यावर बोट ठेवोन बाईसाहेब शाळेत बक्षीस समारंभी म्हणावे तैशा स्पष्ट आवाजात वाचू लागल्या, की नाव गोपिका रुपराव लांजेवार, जात अमुक, जन्मतारीख अमुक, म्हणजे आजमितीस वय तेरा वर्षे दोन महिने, वरील मजकूर खरा असे, सही वडिलांची. मग ती न वळिलेली पुडी उलगडोन तोही मजकूर वाचिला. "भटजीसही सोडिले नाही" या ठिकाणी भटजी उठोन जिन्याकडे गेले.

"खोटं आहे ते," रुपरावजी म्हणाले. "पोरगी साडेचौदाची आहे. वय म्याच कमी करून सांगतलं होतं."

"म्हणजे सरकारी शाळेस खोटे लिहून दिलेत?" गोपाळराव म्हणाले.

"तसं नाही, साहेब."

"मग तेरा खरे?"

"तसंबी नाही."

गोपाळरावांच्या मुखावरील रंग येथे पालटला, कारण त्यांस स्मरण जाहले की कमिटीच्या वहीत, याच पोरीच्या लग्नाच्या मांडवाखाली, रुपरावजींच्या सहीखालची सही आपली आहे. घाम पुनः सुटला, या वेळी उन्हाचा नव्हे. आणि रामाजी, जे इतका वेळ एक लाडू हातात धरोन होते, ते उठले, आणि त्यांच्या उठण्याने आढे करकरले, आणि एक कवेलू नेमके त्यांच्या रिकाम्या पाटावर येऊन बसले. रामाजींनी पाटाकडे पाहिले.

"रुपरावजी, माह्या बैलाइले पाणी पाजाचं राह्यलं," ऐसे म्हणोन भावांसह जिना उतरले, लाडू मात्र सोडिला नाही. दमणी पिंपळापाशी वळली आणि दिसेनाशी जाहली. नवरदेव तीत हसत होता, ऐसे पाहणारे सांगतात.

राहिले रुपरावजी, आणि ओव्हरशियर, आणि खाली मान वर केलेला सारा बोळ. गोपाळराव खुर्चीवरून उठले आणि वही उघडली आणि आवाजात कोर्ट आणून म्हणाले की हा मांडव असेल तर मला हा कागद वरती कळवावा लागेल, आणि मांडव नसेल तर तो काय आहे ते तुम्ही आपल्या तोंडाने सांगा. रुपरावजींनी तोरणाकडे पाहिले. पाने वाळली होती. पापडाच्या काठीने प्रयागबाईंनी खालून फळीस दोन ठोके दिले.

"बोल गा रुपराव. मांडव का सज्जा?"

रुपरावजी बोलले, इतक्या हळू की बोळास ऐकू जावे म्हणोन ओव्हरशियर साहेबांना तेच मोठ्याने सांगावे लागले.

"सज्जा."

हाच तो शब्द, ज्यावर फत्ते जाहली. गोपाळरावांनी जुनी ओळ खोडिली, आणि नक्शाविना बांधकाम, तीन दिवसांत काढावे, ऐसे लिहिले. तोफा नव्हत्या, म्हणोन प्रयागबाईंनी ताट वाजविले.

आणि प्रयागबाईंनी आणखी एक मुद्दा काढिला, की तोरण बांधिले, अक्षता वाटल्या, म्हणजे लोकाचारी मांडव जाहलाच, आणि मांडव जाहला की तो परतवावा लागतो, आणि परतविताना बोळास जेवू घालावे लागते, हे वाडवडिलांपासून चालत आले आहे. लाडू तयारच होते. बोळ पंगतीस बसला, नवरा नाही, सोयरे नाहीत, आणि जेवणात कोणास काही उणे वाटले नाही. वाढावयास देवकीबाई. त्या दिवशी त्या तीन वाक्ये पुरी बोलल्या.

मग शालिकराम मिस्त्री सब्बल घेऊन चढला आणि सज्जा फळीफळीने खाली आला, आणि सागवानी खांब पुनः आढ्याखाली उभा राहिला. आढ्याने पुनः उसासा टाकिला, परंतु कवेलू पडले नाही. दरवाजाचे भोक बुजविताना शालिकरामाने मालकास न विचारता पूर्वीपेक्षा हातभर मोठी खिडकी ठेविली, आणि सज्ज्याच्या दोन फळ्यांचा मेज ठोकोन खिडकीत बसविला. विचारल्यावर म्हणाला की खिडकी जुनीच आहे, तुमाले मोठी दिसून राहिली.

तह ऐसा जाहला की गोपिकाने जुलैत इंग्रजी शाळेत जावे आणि त्या दाखल्याचे नाव रुपरावजींनी पुनः काढू नये. आणि प्रयागबाईंचे पापड जितके दिवस वाया गेले तितके दिवस, म्हणजे मृग लागेपर्यंत, रुपरावजींनी दोन प्रहरी ओट्यावर बसोन कावळे हाकावे, हे कलम प्रयागबाईंनी स्वतः घातले आणि लिहून घेतले. अक्षर अर्थात कोणाचे ते सांगणे नलगे. वेताची खुर्ची त्यांस नेऊ दिली. वर्तमानपत्रही नेऊ दिले, कावळे त्यास भीत. एके दिवशी खिडकीतून गोपिकाबाईंनी पाहिले तो बाबूजी कागद उलटा धरोन बसले आहेत, उन्हाने डोळे बारीक जाहले आहेत. त्या खाली गेल्या आणि कागद सुलटा करोन दिला. रुपरावजींनी वरती पाहिले नाही, परंतु कागद तसाच धरिला.

येणेंप्रमाणे पिंपळबोळची मोहीम फत्ते पावली, ऊन मूळ धनिणीस परत मिळाले, आढे खांबावर, कमिटी कायद्यावर आणि पोरगी गादीवर कायम जाहली. आषाढात गोपाळराव ओव्हरशियर अखेरची पाहणी करावयास आले. सुपारी घेतली नाही. पिंपळाखाली उभे राहोन त्यांनी कमिटीच्या वहीत जी शेवटची ओळ लिहिली तीच या हकीकतीची मुद्रा समजावी:

मांडव उतरविला. खांब जागी आहे. वधू शाळेत गेली आहे.